हृदयाच्या ऑपरेशनआधी आणि नंतर रक्ताचा रिपोर्ट काय सांगतो? ट्रोपोनिन, बीएनपी आणि बाकीच्या आकड्यांचा सोपा अर्थ

हैदराबाद : नांदेड, देगलूर, धर्माबाद, किनवट, उदगीर, बिदर, आदिलाबाद. या पट्ट्यात कुणाला हृदयाचे मोठे दुखणे निघाले की घरात पहिला शब्द निघतो तो हैदराबादचा. कुणी खासगी दवाखाना गाठतो, कुणी पंजागुट्ट्याच्या निम्समध्ये जातो, तर कुणी एमजीबीएसला उतरून मुसी नदीच्या काठावरच्या अफझलगंजात, उस्मानिया दवाखान्यात. दवाखाना कोणताही असो, ऑपरेशनच्या आधी आणि नंतर नातेवाइकांच्या हातात रक्ताच्या रिपोर्टांची चळत येते. त्यातले दोन-चार आकडे जाड ठशात असतात, पुढे ‘जास्त’ अशी खूण असते आणि नॉर्मल मर्यादेच्या दोनशे पट आकडा बघून माणसाचे पाय लटपटतात.

हा आकडा खरोखर धोक्याचा असतो का? कधी असतो, कधी नसतो. हृदयावर किती ताण आहे आणि ऑपरेशनची जोखीम किती, हे रक्तातून कसे कळते, त्याची ही माहिती.

अफझलगंज आणि एक जुना वाद

ऑपरेशन चालू असताना हृदयाला धोका किती, हा प्रश्न अफझलगंजाला नवा नाही. पाचवे निजाम अफजल-उद-दौला यांच्या नावाने वसलेल्या या गंजात १८६६ च्या सुमारास सरकारी दवाखाना उभा राहिला. १८८५ पासून तिथल्या मेडिकल स्कूलची सूत्रे डॉ. एडवर्ड लॉरी या इंग्रज सर्जनकडे होती. त्या काळी भूल द्यायला क्लोरोफॉर्म वापरत. पेशंट टेबलावरच दगावण्याच्या घटना जगभर घडत होत्या. मरण नेमके कशाने येते, श्वास थांबल्याने की हृदय थांबल्याने, यावर मोठा वाद पेटला होता.

लॉरी यांचे मत ठाम होते. श्वासावर लक्ष ठेवा, नाडीची काळजी करू नका. हे सिद्ध करण्यासाठी १८८८ मध्ये ‘हैदराबाद क्लोरोफॉर्म कमिशन’ नेमले गेले. लंडनच्या ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय साप्ताहिकाला ते पटेना. तेव्हा सहावे निजाम मीर महबूब अली खान यांनी १००० पौंड दिले. ‘लॅन्सेट’चे प्रतिनिधी म्हणून डॉ. लॉडर ब्रंटन १८८९ मध्ये हैदराबादला आले. चारशेहून जास्त प्राण्यांवर प्रयोग झाले आणि निष्कर्ष निघाला तो लॉरी यांच्या बाजूचा : आधी श्वास थांबतो, हृदय नंतर.

याच मेडिकल स्कूलमधून १८८९ मध्ये बाहेर पडलेल्या डॉ. रूपाबाई फर्दुनजी यांना जगातल्या पहिल्या महिला भूलतज्ज्ञ मानले जाते. क्लोरोफॉर्म देण्याचे काम त्यांनी हैदराबादच्या दवाखान्यांत पुढे बरीच वर्षे केले.

पण वाद तिथे संपला नाही. १९११ मध्ये ए. जी. लेव्ही या इंग्रज डॉक्टरने दाखवून दिले की भूल हलकी असताना, शरीरात अ‍ॅड्रेनालिन वाढले की क्लोरोफॉर्ममुळे हृदयाची लय अचानक बिघडते आणि ते थरथरत बंद पडते. म्हणजे भूल जास्त झाली तर श्वास आधी थांबतो, हे हैदराबादचे म्हणणे खोटे नव्हते. पण हृदय आधी बंद पडण्याचा दुसरा रस्ताही होता आणि तो त्या प्रयोगांत हाती लागला नाही. एकाच खुणेवर भिस्त ठेवली की दुसरा धोका नजरेतून सुटतो. शंभर वर्षांनंतर रक्ताचा रिपोर्ट वाचतानाही हे लागू पडते.

तो जुना दवाखाना २८ सप्टेंबर १९०८ च्या मुसीच्या महापुरात उद्ध्वस्त झाला. त्या वेळी आवारातल्या चिंचेच्या झाडावर चढून सुमारे दीडशे माणसे वाचली, असे सांगतात. ते झाड आजही दाखवले जाते. नंतर सातवे निजाम मीर उस्मान अली खान यांच्या काळात, व्हिन्सेंट एश यांच्या आराखड्यानुसार घुमटांची भव्य इमारत उभी राहिली. १९२५ पासून ती उस्मानिया दवाखाना म्हणून ओळखली जाते. १९५६ पर्यंत मराठवाडा, बिदर आणि आदिलाबाद एकाच हैदराबाद संस्थानात-राज्यात होते. त्यामुळे आजोबा-पणजोबांच्या काळापासून इथला मराठी माणूस ‘मोठ्या दवाखान्याला’ म्हणजे अफझलगंजलाच जात आला. जुलै २०२० मध्ये पावसाचे पाणी वॉर्डांत शिरल्यावर जुनी इमारत बंद करण्यात आली. जानेवारी २०२५ मध्ये गोशामहल मैदानावर नव्या उस्मानियाची पायाभरणी झाली.

रक्तात हृदयाची खबर कशी येते?

हृदय हा स्नायू आहे. त्याच्या पेशींना इजा झाली की आतले पदार्थ गळून रक्तात येतात. ते मोजले की इजेचा अंदाज येतो. ही झाली पहिली तऱ्हा.

दुसरी तऱ्हा वेगळी आहे. पेशी मेलेली नसते, पण तिच्यावर ताण आलेला असतो. हृदयाचे कप्पे रक्ताने फुगतात, भिंती ताणल्या जातात, आणि तेव्हा हृदय स्वतःच एक संप्रेरक रक्तात सोडते. म्हणजे एक चाचणी ‘मोडतोड किती झाली’ ते सांगते आणि दुसरी ‘ओझे किती आहे’ ते. नातेवाइकांचा सगळ्यात जास्त गोंधळ इथेच होतो.

गंमत म्हणजे हृदयासाठी वापरलेली पहिली रक्तचाचणी आज सगळे लिव्हरची म्हणून ओळखतात. १९५४ मध्ये एसजीओटी हा घटक हार्ट अटॅकनंतर वाढतो, असे अमेरिकेत दिसून आले. पण तो लिव्हर आणि इतर स्नायूंतूनही येतो, म्हणून मागे पडला. मग सीके-एमबी आली. हा घटक अटॅकनंतर चार ते सहा तासांत वाढतो आणि दोन-तीन दिवसांत खाली येतो. तोही थोडाफार हातापायांच्या स्नायूंत असतो. शेवटी ट्रोपोनिन आले आणि बाकीच्यांना मागे टाकले.

ट्रोपोनिन : मोडतोडीचा हिशेब

ट्रोपोनिन हे स्नायूच्या आकुंचनाला लागणारे प्रथिन. १९६० च्या दशकात जपानचे सेत्सुरो एबाशी यांनी ते शोधले. त्याचे टी आणि आय हे दोन प्रकार हृदयात वेगळ्या घडणीचे असतात, त्यामुळे रक्तात सापडले तर ते हृदयातूनच आले, असे बहुतेक वेळा म्हणता येते.

आताच्या ‘हाय सेन्सिटिव्ह’ चाचण्या फार बारीक मोजमाप करतात. ट्रोपोनिन टी ची नॉर्मल मर्यादा साधारण १४ नॅनोग्रॅम प्रति लिटर धरतात. ट्रोपोनिन आय ची मर्यादा मशिन बनवणाऱ्या कंपनीप्रमाणे बदलते. एका प्रचलित मशिनवर ती २६ आहे, आणि बायकांसाठी १६, पुरुषांसाठी ३४ अशी वेगळीही धरतात. म्हणून टी चा आकडा आय शी किंवा एका मशिनचा दुसऱ्याशी ताडून पाहण्यात अर्थ नाही.

हृदयाला इजा झाल्यावर दोन-तीन तासांत ट्रोपोनिन वाढू लागते, साधारण १२ ते २४ तासांत शिखर गाठते आणि आठवडा-दोन आठवडे रक्तात राहते. त्यामुळे दहा दिवसांपूर्वीच्या अटॅकचा माग त्यातून लागतो. पण त्याच कारणाने ‘परवा पुन्हा अटॅक आला का’ हे एका आकड्यावरून सांगता येत नाही. त्यासाठी काही तासांच्या अंतराने पुन्हा रक्त घ्यावे लागते.

ऑपरेशननंतर ट्रोपोनिन वाढणारच

बायपास किंवा व्हॉल्व्हचे ऑपरेशन झाल्यावर ट्रोपोनिन वाढले नाही, असा पेशंट जवळजवळ नसतो. कारण समजायला ऑपरेशनमध्ये काय होते ते पाहावे लागेल.

छातीचे हाड उघडतात. रक्त गोठू नये म्हणून हेपारिन देतात. शरीराचे रक्त हार्ट-लंग मशिनकडे वळवतात. हे मशिन वापरून पहिले यशस्वी ऑपरेशन ६ मे १९५३ रोजी फिलाडेल्फियात डॉ. जॉन गिबन यांनी केले. मग महाधमनीला चिमटा लावतात आणि पोटॅशियम जास्त असलेले द्रावण, बहुधा थंड करून, हृदयात सोडून त्याचे ठोके थांबवतात. त्या वेळात हृदयाला नेहमीचा रक्तपुरवठा नसतो. काम संपल्यावर रक्त पुन्हा सुरू होते, तेव्हाही पेशींना धक्का बसतो. शिवाय टाके, कापाकापी, लय आणायला दिलेला शॉक. या सगळ्यांतून थोडे थोडे ट्रोपोनिन रक्तात येते. चिमटा जितका जास्त वेळ, तितका आकडा साधारण मोठा. धडधडत्या हृदयावर, म्हणजे ‘बीटिंग हार्ट’ पद्धतीने केलेल्या बायपासनंतर तो तुलनेने कमी राहतो. व्हॉल्व्ह किंवा दोन-तीन कामे एकत्र केली तर जास्त.

मग काळजी कधी करायची? २०१८ मध्ये ठरलेल्या आंतरराष्ट्रीय व्याख्येनुसार, ज्याचे ट्रोपोनिन आधी नॉर्मल होते अशा पेशंटमध्ये बायपासनंतर ४८ तासांच्या आत ते नॉर्मल मर्यादेच्या १० पटींहून वर गेले, आणि त्याच्या जोडीला ईसीजीत नवी खूण, अँजिओग्राफीत बंद पडलेली नस किंवा इकोत हृदयाचा नव्याने निकामी झालेला भाग यांपैकी काही दिसले, तरच त्याला ऑपरेशनमुळे आलेला अटॅक म्हणतात. नुसत्या आकड्यावर ते ठरत नाही.

पुढे २०२२ मध्ये एक मोठा अभ्यास प्रसिद्ध झाला. १२ देशांतल्या २४ दवाखान्यांत हृदयाचे ऑपरेशन झालेल्या १३,८६२ पेशंटचे ट्रोपोनिन आय त्यात मोजले गेले. बायपास किंवा फक्त महाधमनीचा व्हॉल्व्ह बदललेल्यांत, पहिल्या दिवसात आकडा सुमारे ५६७० च्या वर गेला, तेव्हाच महिन्याभरातल्या मृत्यूचा धोका स्पष्ट वाढलेला दिसला. ५६७० म्हणजे नॉर्मल मर्यादेच्या तब्बल २१८ पट. इतर, जास्त गुंतागुंतीच्या ऑपरेशनांत ही रेषा जवळपास १३ हजारांवर होती. हे आकडे एका विशिष्ट मशिनचे आहेत, ते दुसऱ्या मशिनच्या रिपोर्टला जसेच्या तसे लावता येत नाहीत. पण एक गोष्ट त्यातून कळते. ऑपरेशननंतर ‘नॉर्मलपेक्षा पन्नास पट’ हा आकडा, बाकी सगळे ठीक असेल तर, बहुतेक वेळा अपेक्षितच असतो.

डॉक्टर एकट्या आकड्यापेक्षा त्याची चाल बघतात. समजा एका पेशंटचे ट्रोपोनिन सहा तासांनी ३०००, बारा तासांनी ४२०० आणि दुसऱ्या दिवशी २६०० आले. आकडे मोठे, पण उतार लागला आहे. दुसऱ्याचे ९००, मग ४०००, मग ११,००० असे चढतच राहिले, बीपी टिकत नाही, ईसीजीही बदलला. पहिला रिपोर्ट याचाच कमी होता, तरी घाई याच्यासाठी करावी लागते. नवी जोडलेली नस बंद पडली असेल तर लगेच अँजिओग्राफी किंवा पुन्हा ऑपरेशन करून हृदय वाचवता येते. म्हणून आयसीयूत पुन्हा पुन्हा रक्त घेतात. ‘किती वेळा रक्त काढता’ म्हणून तिथे कावून जाण्यात अर्थ नाही.

बीएनपी : ओझ्याचे माप

बीएनपीमधला ‘बी’ म्हणजे ब्रेन. १९८८ मध्ये जपानी शास्त्रज्ञांना हा पदार्थ डुकराच्या मेंदूत सापडला, म्हणून हे नाव पडले. नंतर कळले की तो मुख्यतः हृदयाच्या खालच्या कप्प्यांतून येतो. कप्पा ताणला की तो बाहेर पडतो आणि लघवीवाटे मीठ-पाणी काढून टाकून, रक्तवाहिन्या सैल करून हृदयाचे ओझे हलके करू पाहतो. हृदयाने स्वतःसाठी केलेली ती सोय आहे.

रिपोर्टात बीएनपी किंवा एनटी-प्रोबीएनपी यांपैकी एक नाव असते. दोन्ही एकाच मूळ पदार्थाचे तुकडे, पण आकडे वेगळे. दम लागून तातडीने आलेल्या पेशंटमध्ये बीएनपी १०० च्या खाली किंवा एनटी-प्रोबीएनपी ३०० पिकोग्रॅम प्रति मिलिलिटरच्या खाली असेल तर हार्ट फेल्युअरची शक्यता फार कमी धरतात. वरची मर्यादा वयाप्रमाणे बदलते. एनटी-प्रोबीएनपी पन्नाशीच्या आत ४५० च्या वर, ५० ते ७५ वयात ९०० च्या वर आणि त्यापुढे १८०० च्या वर गेले तर हार्ट फेल्युअरची शक्यता बळावते.

ऑपरेशनआधी हा आकडा बराच वाढलेला असेल तर हृदय आधीच थकलेले आहे, असा त्याचा अर्थ. अशा पेशंटला ऑपरेशननंतर आयसीयूत जास्त दिवस लागणे, हृदयाची लय बिघडणे, औषधांच्या आधाराने बीपी टिकवावे लागणे, हे जास्त दिसते. काही वेळा डॉक्टर म्हणतात, ‘आठ दिवस औषध देऊन अंगातले पाणी कमी करू, मग ऑपरेशन.’ घरच्यांना वाटते, दवाखाना उगाच ताटकळत ठेवतोय. पण इमर्जन्सी नसेल तर हा थांबा पेशंटच्याच भल्याचा असू शकतो. उलट, नस अगदी बंद व्हायला आली असेल तर बीएनपी जास्त असूनही थांबता येत नाही.

रिपोर्टातले बाकीचे आकडे

ट्रोपोनिन आणि बीएनपीचे नाव मोठे असले, तरी ऑपरेशनची जोखीम ठरवताना साध्या तपासण्यांनाही तेवढेच महत्त्व आहे.

• क्रिएटिनिन : किडनीचे माप. ऑपरेशननंतर ४८ तासांत ते ०.३ ने वाढले किंवा आठवड्यात दीडपट झाले तर किडनीला इजा झाली, असे धरतात. आकडा छोटा दिसतो, पण ०.९ चे १.४ होणे ही दुर्लक्ष करण्यासारखी गोष्ट नाही.

• हिमोग्लोबिन : कमी असेल तर रक्त द्यावे लागण्याची शक्यता वाढते. वेळ असेल तर आधी लोहाची कमतरता भरून काढतात.

• एचबीए१सी : मागच्या दोन-तीन महिन्यांच्या साखरेची सरासरी. ही फार वाढलेली असेल तर छातीच्या जखमेत संसर्गाचा धोका वाढतो.

• पोटॅशियम : कमी-जास्त झाले की हृदयाची लय बिघडते. म्हणून आयसीयूत ते दिवसातून अनेकदा बघतात.

• लॅक्टेट : शरीराला ऑक्सिजन नीट पोचतो का, याची खूण. २ पर्यंत नॉर्मल. ४ च्या वर जाऊन चढत राहिले तर डॉक्टर सावध होतात. पण बीपीसाठी अ‍ॅड्रेनालिनचे इंजेक्शन चालू असेल तर त्यानेही लॅक्टेट वाढते.

• आयएनआर : धातूचा व्हॉल्व्ह बसवलेल्यांना रक्त पातळ ठेवणाऱ्या गोळीचा डोस यावरून ठरतो. ही तपासणी घरी गेल्यावरही कायमची.

जोखीम किती टक्के, हे कुठून येते?

‘दोन टक्के रिस्क आहे’ असे डॉक्टर सांगतात, ते मनाने सांगत नाहीत. त्यासाठी गणिती तक्ते आहेत. त्यातला युरोस्कोअर-२ हा २०१२ मध्ये प्रसिद्ध झाला. ४३ देशांतल्या २२ हजारांहून जास्त पेशंटच्या नोंदींवर तो उभा आहे. वय, किडनी, फुप्फुस, हृदयाचे पंपिंग, नुकताच येऊन गेलेला अटॅक, आधीचे ऑपरेशन, इमर्जन्सी आहे का, अशा १८ बाबी त्यात भरतात.

लक्षात घेण्यासारखे म्हणजे या १८ बाबींत रक्ताचा घटक एकच आहे, क्रिएटिनिन. ट्रोपोनिनही नाही आणि बीएनपीही नाही. त्यांचा उपयोग होतो तो तक्त्याच्या जोडीला. तक्ता मूळचा बहुतांशी युरोपातल्या पेशंटचा, त्यामुळे आपल्याकडच्या पेशंटला तो तंतोतंत लागू पडेलच असे नाही. आणि दोन टक्के म्हणजे अशा शंभर पेशंटपैकी दोन दगावतात, अठ्ठ्याण्णव वाचतात. समोरचा माणूस त्यातला कोणता, हे कुठलाही तक्ता सांगत नाही.

सीमा ओलांडली की एकक बदलते

सीमाभागातल्या पेशंटची एक खास अडचण आहे. पहिली तपासणी गावाकडच्या लॅबमध्ये होते, दुसरी हैदराबादेत. गावाकडचा रिपोर्ट म्हणतो ट्रोपोनिन ०.०५. हैदराबादचा म्हणतो ५०. घरात रडारड सुरू होते : एका दिवसात हजार पट वाढले!

प्रत्यक्षात दोन्ही आकडे एकच असू शकतात. पहिला नॅनोग्रॅम प्रति मिलिलिटरमध्ये आहे, दुसरा नॅनोग्रॅम प्रति लिटरमध्ये. पहिल्याला १००० ने गुणले की दुसरा मिळतो. पिकोग्रॅम प्रति मिलिलिटर आणि नॅनोग्रॅम प्रति लिटर हे मात्र सारखेच. म्हणून आकडा वाचण्याआधी तीन गोष्टी बघाव्यात : चाचणीचे पूर्ण नाव, एकक, आणि शेजारी छापलेली त्या लॅबची नॉर्मल मर्यादा. शिवाय रक्त किती वाजता घेतले ती वेळ. वेळ लिहिली नसेल तर ट्रोपोनिनच्या रिपोर्टचा अर्धा उपयोग संपतो.

आकडा फसवतो कधी?

किडनीच्या जुन्या पेशंटमध्ये ट्रोपोनिन आणि बीएनपी दोन्ही कायमच वाढलेली असू शकतात. तिथे जुन्या रिपोर्टशी तुलना करूनच अर्थ लावावा लागतो. जाड माणसांत बीएनपी अपेक्षेपेक्षा कमी येते, म्हणून ‘नॉर्मल’ बघून निर्धास्त राहता येत नाही. सॅक्युबिट्रिल असलेली हार्ट फेल्युअरची गोळी चालू असेल तर बीएनपी वाढते, त्या वेळी एनटी-प्रोबीएनपी करून घेणे बरे. केस-नखांसाठी घेतलेल्या बायोटिनच्या जास्त ताकदीच्या गोळ्यांमुळे काही मशिनवर ट्रोपोनिन खोटेच कमी दिसू शकते. अमेरिकेच्या औषध प्रशासनाने २०१७ मध्ये तसा इशारा दिला आहे. अशी गोळी चालू असेल तर सांगायला लाजू नये.

आणि ट्रोपोनिन म्हणजे फक्त हृदयाचेच ऑपरेशन, असेही नाही. खुब्याचे किंवा पोटाचे ऑपरेशन झालेल्या वयस्कर माणसाच्या हृदयालाही मुकी इजा होऊ शकते. भूल आणि दुखण्याच्या औषधांमुळे छातीत दुखल्याचे कळतच नाही. १५ हजार पेशंटच्या एका आंतरराष्ट्रीय अभ्यासात अशी इजा सुमारे आठ टक्के लोकांत आढळली आणि त्यांतल्या ८४ टक्क्यांना काहीही लक्षण नव्हते. म्हणून हृदयविकार असलेल्या किंवा ज्यांचे बीएनपी आधीच वाढलेले आहे अशांचे ट्रोपोनिन ऑपरेशननंतर दोन-तीन दिवस तपासावे, असे काही देशांतले नियम सांगतात.

दवाखान्यात जाताना काय सोबत घ्यावे?

१. जुने सगळे रिपोर्ट तारखेप्रमाणे लावलेले. ईसीजीची मूळ पट्टी, इकोचा रिपोर्ट आणि अँजिओग्राफीची सीडी. नुसता मोबाइलवरचा फोटो पुरत नाही.

२. चालू गोळ्यांची यादी किंवा सरळ गोळ्यांची पाकिटे. आयुर्वेदिक आणि गावठी औषधेसुद्धा.

३. रक्त पातळ करणाऱ्या गोळ्या कोणत्या, कधीपासून. क्लोपिडोग्रेल साधारण पाच दिवस आधी थांबवतात, अ‍ॅस्पिरिन बायपासआधी बहुधा चालू ठेवतात. पण हे डॉक्टरांनी ठरवायचे. नुकताच स्टेंट बसवलेल्याने आपल्या मनाने गोळी बंद केली तर जिवावर बेतू शकते.

४. साखरेसाठी डापाग्लिफ्लोझिन किंवा एम्पाग्लिफ्लोझिन चालू असेल तर ते नक्की सांगावे. या गोळ्या ऑपरेशनच्या किमान तीन दिवस आधी थांबवायला सांगतात, नाहीतर साखर नॉर्मल दिसूनही रक्तात आम्ल वाढू शकते.

५. ओळखपत्र, रेशन कार्ड आणि आरोग्य योजनेचे कार्ड. तेलंगणाची आरोग्यश्री तिथल्या रहिवाशांसाठी आहे, महाराष्ट्राच्या महात्मा फुले योजनेचे दवाखाने आणि नियम वेगळे. आयुष्मान कार्ड दुसऱ्या राज्यातही चालते, पण दवाखाना यादीत असावा लागतो. दाखल होण्याआधीच आरोग्यमित्राला भेटून खात्री करावी.

डॉक्टरांना काय विचारावे?

‘रिपोर्ट नॉर्मल आहे का’ या प्रश्नाला हृदयाच्या ऑपरेशननंतर सरळ उत्तर नसतेच. त्यापेक्षा हे प्रश्न उपयोगी पडतात : आकडा कालच्यापेक्षा चढला की उतरला? अशा ऑपरेशननंतर एवढा अपेक्षित असतो का? ईसीजी आणि इकोत काही नवे दिसले का? बीपीसाठी औषध किती चालू आहे, कमी होतेय का? लघवी किती होतेय, क्रिएटिनिन किती? ऑपरेशनआधी विचारायचा प्रश्न एकच, पण मोठा : थांबून धोका कमी होणार आहे का, की थांबण्यातच धोका आहे?

आयसीयूत भाषेची अडचण आली तर हिंदीत बोलावे. उस्मानियासारख्या ठिकाणी दख्खनी उर्दू सर्रास चालते आणि मराठवाड्याच्या माणसाला ती परकी नाही. न समजताच सहमतीच्या कागदावर सही किंवा अंगठा देऊ नये. वाचून, समजावून मागणे हा पेशंटचा हक्क आहे.

घरी आल्यावर

बायपासनंतर साधारण तीन-चार पेशंटमागे एकाला पहिल्या काही दिवसांत हृदयाची लय अनियमित होण्याचा त्रास होतो. बहुतेकांचा तो औषधाने बसतो. घरी आल्यावर दम वाढणे, पायांवर सूज, दोन-तीन दिवसांत दोन किलोच्या आसपास वजन वाढणे, छातीत नवे दुखणे, छाती धडधडणे, चक्कर, जखमेतून पाणी किंवा ताप, यांपैकी काही झाले तर पुढच्या तारखेची वाट बघू नये. १०८ ची रुग्णवाहिका महाराष्ट्र, कर्नाटक आणि तेलंगण या तिन्ही राज्यांत मिळते. आधी जवळच्या दवाखान्यात ईसीजी आणि रक्त, मग हैदराबादला फोन.

डिस्चार्ज कार्डावर शेवटचे ट्रोपोनिन, क्रिएटिनिन, हिमोग्लोबिन आणि केले असेल तर बीएनपी, हे आकडे एकक आणि तारखेसह लिहून घ्यावेत. सहा महिन्यांनी रात्री-अपरात्री देगलूरच्या किंवा भोकरच्या दवाखान्यात दम लागून जावे लागले, तर तिथल्या डॉक्टरला नवा आकडा ताडून बघायला हा जुना आकडा लागणार आहे. तो नसेल तर चढ की उतार, हे तिथे कुणालाच सांगता येणार नाही.

(ही माहिती सर्वसाधारण समजुतीसाठी आहे. औषध सुरू किंवा बंद करण्याचा निर्णय उपचार करणाऱ्या डॉक्टरांच्या सल्ल्यानेच घ्यावा.)